जड वजनं की फंक्शनल? कॉलेजच्या खेळाडूंच्या ५० मिनिटांत काय बसवायचं

शिट्टी:

धागा काढायचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. कॉलेजच्या संघाला जिम मिळते ती बहुधा आठवड्यातून ३ दिवस, फार तर ५० मिनिटं. समजा खेळाडू २०, रॅक (बारबेल ठेवायचे सांगाडे) ४. वयं १८ ते २२, आणि त्यातल्या निम्म्यांनी बारबेलला कधी हातही लावलेला नसतो. एक पक्ष म्हणतो स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं) यांत जड वजनं उचला, बाकीचं मैदान शिकवेल. दुसरा पक्ष म्हणतो बारबेलमुळे खेळाडू जाडजूड आणि ताठर होतात, त्यापेक्षा बॅलन्स बोर्ड, बँड, केटलबेल, मेडिसिन बॉल आणि एका पायावरचे व्यायाम बरे, कारण ते खेळातल्या हालचालीसारखे असतात.

"दोन्ही करा" हे उत्तर कृपया देऊ नका. खरं असलं तरी त्यातून वेळापत्रक तयार होत नाही. किती, कोणत्या क्रमाने, काय वगळायचं आणि का, ते लिहा.

लोहचुंबक:

आधी 'फंक्शनल' या शब्दाकडे बघू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. हा शब्द पुनर्वसनातून आला. शस्त्रक्रियेनंतर माणसाला जिना चढता यावा, खुर्चीतून उठता यावं, अशी कार्यं ठरलेली असायची आणि व्यायाम त्यांवरून ठरायचा. मैदानावर येईपर्यंत कार्य मागे पडलं आणि 'दिसायला खेळासारखं' एवढंच उरलं.

एक उदाहरण घ्या. हातात डंबेल धरून हवेत ठोसे मारणं. ठोशाचा जोर आडवा पुढे जायला हवा, पण डंबेलचं वजन सरळ खाली ओढतं. म्हणजे जास्तीचा भार ठोसा मारणाऱ्या स्नायूंवर पडतच नाही, हात वर धरून ठेवणाऱ्या खांद्याच्या स्नायूंवर पडतो. वर ठोसा मंदावतो आणि त्याची लयही बिघडते. दिसायला शंभर टक्के खेळासारखा, उपयोग जवळपास शून्य.

आता जड का, ते. स्नायूंमधले तंतू गटागटाने कामाला लागतात, आधी लहान गट, मग मोठे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेनमन यांनी १९६५ साली हे तत्त्व मांडलं आणि ते आजही टिकून आहे. मोठे, वेगवान गट जागे होतात ते भार खूप असला तर, किंवा हालचाल पूर्ण जोर लावून केली तर. बोर्डवर उभं राहून ५ किलोचा डंबेल हलवताना यांतलं काहीच होत नाही.

नवख्यांसाठी माझा क्रम असा. गॉब्लेट स्क्वॉटने सुरुवात. शरीराच्या वजनाच्या साधारण पाव ते एकतृतीयांश वजनाचा डंबेल छातीशी धरून १० रेपचे (म्हणजे सलग १० वेळा करायचे) ३ सेट, टाच न उचलता, मांडी जमिनीला समांतर किंवा त्याखाली. हे सलग दोन सत्रं नीट जमलं की बारबेल. मग ५ चे ३ सेट, दर सत्राला २.५ किलो वाढ. प्रेसमध्ये १.२५ किलोच वाढवा, तिथे २.५ ची उडी लवकर अडते. सलग तीन सत्रं वजन वाढेना, की १० टक्के कमी करून पुन्हा चढायचं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था शिकते म्हणून. त्यामुळे जाडजूड होण्याची भीती या टप्प्यावर बाळगू नये.

अनवाणी:

डंबेलच्या ठोशांबद्दल पूर्ण सहमत. पण त्या एका उदाहरणावरून सगळा पक्ष बाद होत नाही.

वेळेचं गणित बघा. पूर्ण वेगात धावताना पाऊल जमिनीवर टेकतं ते ०.१ सेकंदाच्या आसपास, वेगवान धावपटूचं त्याहूनही कमी. स्नायूला आपला सर्वोच्च जोर गाठायला मात्र ०.३ सेकंद किंवा जास्त लागतात. म्हणजे स्क्वॉट १४० किलोवरून १६० वर नेलात, तरी तो वाढीव जोर पाऊल उचललं गेल्यावर येणार असेल तर धावपटूच्या काय कामाचा? त्याला हवाय पहिल्या दशांश सेकंदात मिळणारा जोर. तो उड्यांतून, फेकीतून, स्प्रिंटमधून येतो.

दुसरं असं की बारबेलचे मोठे व्यायाम दोन्ही पायांवर आणि वर-खाली अशा एकाच दिशेत होतात. खेळात खेळाडू बहुतेक वेळ एका पायावर असतो, बाजूला जातो, वळतो, थांबतो. दिशा बदलताना शेवटच्या आधीच्या पावलावर ब्रेक लावावा लागतो. ती क्षमता नुसत्या बॅक स्क्वॉटने येत नाही.

आणि घोट्याचं काय? गुडघा पायाच्या बोटांपुढे नीट जात नसेल तर स्क्वॉटमध्ये धड पुढे झुकतं, टाच उचलते आणि कंबर खालून गोल होते. अशा खेळाडूला दर सत्राला २.५ किलो वाढवत नेलं तर तो कंबरेने वजन उचलायला शिकतो. भिंतीपासून पायाचा अंगठा १० सेंमीवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का, ते आधी बघा. अंतर बरंच कमी पडत असेल तर टाचेखाली पाचर ठेवा, किंवा त्याला तूर्त स्प्लिट स्क्वॉटवर (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक) ठेवा.

लोहचुंबक:

वेळेचा मुद्दा मान्य, आणि तो मोलाचा आहे. पण त्याचा निष्कर्ष खेळाडूगणिक बदलतो. स्क्वॉट शरीराच्या वजनाइतकाही नाही, अशा खेळाडूचा एकूण जोरच तोकडा असतो. त्याची नुसती ताकद वाढवली तरी पहिल्या दशांश सेकंदातला जोर वाढतो. स्क्वॉट शरीराच्या वजनाच्या पावणेदोन-दोन पट झाल्यावर मात्र तुमचं म्हणणं लागू होतं. तिथून पुढे प्रत्येक १० किलोसाठी लागणारी मेहनत भारी पडते आणि मैदानावर फरक दिसत नाही. कॉलेजच्या संघात दुसऱ्या गटातले खेळाडू थोडेच असतात.

आणखी एक. एका पायावरचा व्यायाम म्हणजे हलका व्यायाम असं कोणी ठरवलं? मागचा पाय बाकावर ठेवून केलेला स्प्लिट स्क्वॉट दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन ५-६ रेपचा करा, ते जड वजनच आहे. माझा आक्षेप अस्थिर पृष्ठभागाला आहे. पायाखालची जमीन हलली की शरीर आधी तोल सांभाळतं, आणि जोर लावण्याची क्षमता घटते. २००७ साली कॉलेजच्या फुटबॉलपटूंवर १० आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने काही व्यायाम फुगीर रबरी चकत्यांवर केले, दुसऱ्याने तेच जमिनीवर. जमिनीवरच्या गटाची उडी सुधारली, चकत्यांवरच्या गटाची तितकी सुधारली नाही. सामना घट्ट जमिनीवर होतो. हलते ते खेळाडू.

घोटा मुरगळल्यानंतरच्या पुनर्वसनात बॅलन्स बोर्डला जागा आहे. ती जागा त्याने सोडू नये.

कंडरा:

दोन्ही पक्षांकडून एक गोष्ट सुटते आहे. दुखापती होतात त्या बऱ्याचदा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू), जांघ, पोटरी आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनला (स्नायू हाडाला जोडणारी कंडरा). यांचा बंदोबस्त ना बॅक स्क्वॉट करतो, ना बँड.

हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ रेषा ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं. शेवटी हातांवर झेल घ्यायचा आणि हातांनीच ढकलून वर यायचं. अनेक चाचण्यांत याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती साधारण निम्म्यावर आल्या. पण बिघडतं ते मात्रेत. पहिल्याच दिवशी १० चे ३ सेट दिले की पुढचे तीन दिवस मांड्या धरतात. खेळाडू वैतागतात, आणि व्यायाम कायमचा बंद होतो. पहिल्या आठवड्यात ५ चे २ सेट, तेही एकदाच. दुसऱ्या आठवड्यात दोनदा. मग दहाव्या आठवड्यापर्यंत हळूहळू ८ ते १० चे ३ सेट. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कंबरेत वाकणं. वाकलं की हॅमस्ट्रिंगवरचा ताण उतरतो आणि रेप सोपा वाटतो. कंबर वाकत असेल तर छातीला जाड बँड बांधून मागून आधार द्या.

जांघेसाठी कोपनहेगन. कोपरावर कुशीला आडवं, वरचा पाय जोडीदाराच्या हातात किंवा बाकावर, खालचा मोकळा, आणि कंबर उचलायची. नवख्यांनी आधार गुडघ्यापाशी घ्यावा, मगच घोट्यापाशी. आधार घोट्याकडे सरकला की तरफ लांबते आणि भार एकदम वाढतो.

टेंडनचा हिशोब वेगळा आहे. तो स्नायूपेक्षा सावकाश बदलतो, १२ आठवडे तरी धरा. त्याला लागतो जड भार आणि संथ गती. ३ सेकंद वर, ३ सेकंद खाली, ६ ते ८ रेपनंतर पुढचा जमणार नाही एवढं वजन. पोटरी दोन प्रकारे करा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून. वाकवल्यावर काम खोलच्या सोलियसवर जातं, आणि धावताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. उंचावरून उड्या मारणं टेंडन तयार होण्याआधी सुरू केलं की वाटीखाली दुखायला लागतं. तेव्हा दोष उड्यांना दिला जातो, खरी चूक क्रमाची असते.

तिसरीउडी:

मुलींच्या संघांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या खेळांत गुडघ्याच्या आतला एसीएल हा लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या किमान दुप्पट आहे. आणि बरेचदा कोणाची टक्करही झालेली नसते. उडीवरून उतरताना किंवा झपकन वळताना गुडघा आत पडतो, आणि पाय टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत सगळं होऊन जातं. तेवढ्यात विचार करून पाय सावरणं अशक्य आहे. म्हणून उतरण्याची सवय आधीच अंगात मुरलेली असावी लागते.

क्रम असा ठेवा. ३० सेंमी उंचीवरून उतरून दोन्ही पायांवर थांबणं, २ सेकंद स्थिर. मग जागच्या उडीनंतर थांबणं. मग एका पायावर. मग बाजूला उडी मारून एका पायावर. मग हवेत असताना कोणीतरी खांद्याला हलकेच ढकलणं. प्रत्येक टप्प्याला दोन आठवडे, दर सत्रात १५ ते २० लँडिंग पुरेत. समोरून मोबाइलवर चित्रण करा. गुडघा पायाच्या मधल्या बोटांच्या रेषेत हवा. उतरताना आवाज जितका कमी तितकं चांगलं, ही सूचना "गुडघा वाकव" यापेक्षा लवकर कळते.

पण हे जड वजनांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला आहे. मुलींना बँड आणि मुलांना रॅक ही वाटणी अन्यायाची तर आहेच, शास्त्रालाही धरून नाही. त्यांना १५ किलोचा बार द्या. तोही प्रेससाठी जड वाटला तर हलका बार किंवा डंबेल. लहान प्लेट नसतील तर २.५ किलोची उडी ३० किलोच्या प्रेसमध्ये ८ टक्क्यांहून जास्त होते. मुलगी तिथे अडते आणि "हिची ताकद वाढत नाही" असा शिक्का बसतो. कमतरता प्लेटची असते.

मोजपट्टी:

कोणाला ताकद हवी आणि कोणाला वेग, हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजता येतं.

सर्वोच्च वजन प्रत्यक्ष उचलायला लावायची गरज नाही. नीट जमलेला जड सेट घ्या. वजन गुणिले (१ + रेप भागिले ३०), हे एपलीचं सूत्र. १०० किलोचे ५ रेप म्हणजे अंदाजे ११७. रेप १० च्या वर गेले की सूत्र फसतं, ५ च्या आसपासच वापरा.

मग उभी उडी मोजा. एकदा मोकळ्या हातांनी, एकदा शरीराच्या वजनाच्या ३० टक्के बार खांद्यावर घेऊन. भाराने उडी अर्ध्याहून खाली आली तर ताकद कमी आहे, रॅककडे पाठवा. भार घेऊनही उडी फारशी घसरत नसेल, पण मोकळी उडीच बेताची असेल, तर वेगाचं काम द्या: हलक्या वजनाच्या उड्या, मेडिसिन बॉल, स्प्रिंट. हा ढोबळ चाळणीचा नियम आहे, पण २० जणांचे दोन गट पाडायला पुरतो.

जड सेटमध्ये किती रेप, यासाठी सोव्हिएत वेटलिफ्टिंग प्रशिक्षक प्रिलेपिन यांचा तक्ता अजून कामाचा आहे. तो वेटलिफ्टरांसाठी बनला, म्हणून खेळाडूंसाठी खालच्या बाजूला राहा. सर्वोच्च वजनाच्या ७० ते ८० टक्क्यांत सेटला ३ ते ६, एकूण १८ च्या आसपास. ८० ते ९० टक्क्यांत सेटला २ ते ४, एकूण १५. नव्वदीच्या वर १-२ आणि एकूण ७. दमेपर्यंत ढकलू नका. २०१७ च्या एका अभ्यासात ८ आठवडे दोन गटांनी स्क्वॉट केले. एका गटाने बारचा वेग २० टक्के घसरला की सेट थांबवला, दुसऱ्याने ४० टक्के घसरेपर्यंत ओढला. ताकद दोघांची सारखीच वाढली, उडी मात्र लवकर थांबणाऱ्यांची जास्त सुधारली. वेग मोजायचं यंत्र नसेल तर "अजून दोन रेप जमले असते" इथे बार ठेवा.

अवांतर: चपळाईची शिडी, म्हणजे जमिनीवर अंथरून पावलं टाकायची ती. त्यात पावलं आधीच ठरलेली असतात, समोर प्रतिस्पर्धी नसतो. खेळाडू शिडीवर पटाईत होतो, शिडीपुरताच. चपळाई म्हणजे काहीतरी बघून दिशा बदलणं. तेवढ्याच ५ मिनिटांत जोड्या लावून आरशासारखी नक्कल करायला लावा.

शिट्टी:

बरंच हाती लागलं. आता दोन अडचणी. परीक्षा किंवा सुट्टीनंतर तीन-चार आठवड्यांनी संघ परत येतो, तेव्हा सुरुवात कुठून? आणि ४ रॅक, २० माणसं हे प्रत्यक्षात कसं बसवायचं?

कंडरा:

पहिल्याचं उत्तर देतो, आणि कळकळीने देतो. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा हा सगळ्यात धोक्याचा काळ आहे. २०११ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संघाला सुट्टीवरून आल्या आल्या सर्वोच्च वजनाच्या निम्म्या भाराने १०० स्क्वॉट करायला लावले. १३ खेळाडू रुग्णालयात गेले. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर भार येतो, त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. भार निम्माच होता, हे नीट लक्षात घ्या. घात केला तो रेपच्या संख्येने.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या प्रशिक्षक संघटनांनी यासाठी ५०/३०/२०/१० चा नियम सुचवला. दमाच्या व्यायामाचं प्रमाण नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा पहिल्या आठवड्यात ५० टक्क्यांनी कमी, दुसऱ्यात ३०, मग २०, मग १०. रॅकवर पहिला आठवडा ५ चे २ सेट, पूर्वीच्या ६० टक्के वजनाने. आणि शिक्षा म्हणून व्यायाम देऊ नका, कधीच नाही. शिक्षेच्या रेपना मात्रा नसते.

लघवी काळपट तपकिरी झाली, स्नायू सुजून कडक झाले, किंवा दुखणं श्रमाच्या मानाने फार जास्त असलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.

लोहचुंबक:

५० मिनिटं अशी वाटा. ८ मिनिटं वॉर्मअप, ६ मिनिटं सगळ्यांच्या उड्या आणि लँडिंग, मग १७-१७ मिनिटांचे दोन भाग, शेवटची २ मिनिटं आवराआवर. उड्या सुरुवातीलाच, कारण दमल्यावर उडी संथ होते आणि संथ उडीच अंगवळणी पडते.

१० जण रॅकवर, १० जमिनीवर, मग अदलाबदल. रॅकवर ३, ३, २, २ असे. वाटणी मैत्रीवरून नको, उंची आणि ताकदीवरून करा. उंची सारखी असेल तर बार टेकवायचे हुक खालीवर करावे लागत नाहीत, ताकद सारखी असेल तर प्लेट कमी बदलाव्या लागतात. हे केलं नाही तर निम्मा वेळ प्लेट हलवण्यात जातो. ५ रेपला २५ सेकंद, बदलायला २५, म्हणजे तिघांची फेरी अडीच मिनिटांत. दोन वॉर्मअप फेऱ्या आणि चार खऱ्या, १५ मिनिटं. विश्रांती रांगेतच मिळते. दोघांच्या रॅकवर मात्र घड्याळ लावा, नाहीतर ते दीड मिनिटातच पुढचा सेट घेतात आणि तिसऱ्या सेटला बैठकीची खोली कमी होते.

सुरक्षेच्या पिना सगळ्यात खालच्या स्थितीत बारच्या २-३ सेंमी खाली. त्याहून खाली ठेवल्या तर वजन अडल्यावर माणूस पिनांपर्यंत पोचायच्या आत दुमडतो. पिना लावलेल्या नसतील तर सेट सुरूच होऊ द्यायचा नाही.

सोमवारी स्क्वॉट, बुधवारी प्रेस आणि पुल-अप, शुक्रवारी हेक्स बारचा (षटकोनी चौकटीचा बार, आत उभं राहून उचलायचा) डेडलिफ्ट. हेक्स बार सुचवतो कारण वजन शरीराच्या रेषेत राहतं आणि नवख्याला आठवड्याभरात जमतं.

अनवाणी:

जमिनीवरच्या १७ मिनिटांत पाच ठाणी, दोघे-दोघे, दोन फेऱ्या. एका पायावरचा रोमानियन डेडलिफ्ट (गुडघा किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून नितंबातून पुढे झुकणं), ६ रेप, हाताने रॅकच्या खांबाला हलका आधार घेऊन, म्हणजे तोल आडवा येत नाही आणि वजन खरंच जड घेता येतं. कोपनहेगन. बाजूने भिंतीवर मेडिसिन बॉल फेक, २ ते ४ किलो, प्रत्येक बाजूला ५. चेंडू वेगाने परत येईना, तर तो जड आहे. एका हातात जड वजन धरून २० मीटर चाल. पाचवं ठाणं पोटरीचं.

नॉर्डिक इथे नको. ते मैदानावरच्या सरावानंतर, आणि सामन्याला निदान तीन दिवस असताना.

मोजपट्टी:

हंगामात एक बदल. सामने सुरू झाले की आठवड्यातून एक सत्रही ताकद बरेच आठवडे टिकवतं, अट एकच, वजन उतरवायचं नाही. सेट कमी करा, ३ चे २ सेट चालतील, पण ८०-८५ टक्क्यांवर. बहुतेक संघ उलटं करतात, वजन निम्म्यावर आणून रेप वाढवतात. त्याने पाय दुखतात आणि ताकदही जाते.

धावण्याचा लांब सराव आणि स्क्वॉट एकाच दिवशी आले तर मध्ये शक्यतो ६ तास ठेवा. संशोधक हिक्सन यांच्या १९८० च्या प्रयोगात दोन्ही एकत्र करणाऱ्यांची ताकद सातव्या-आठव्या आठवड्यानंतर घसरू लागली होती. अर्थात त्यांचा भार भलताच होता, आठवड्यातून ५ दिवस वजनं आणि ६ दिवस दमाचं काम.

शिट्टी:

शेवटचं एक. सामना शनिवारी असेल तर शुक्रवारचा हेक्स बार?

लोहचुंबक:

बुधवारी आणा, आणि प्रेस-पुल-अप शुक्रवारी, २ सेटच. पाय दोन दिवस मोकळे राहतात.

कंडरा:

नॉर्डिक मंगळवारी, सरावानंतर. बुधवारी हॅमस्ट्रिंग धरले असतील तर त्या दिवशी डेडलिफ्टचा एक सेट कमी करा.